पुराच्या रेषेवरून वाई

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग जोडला आहे.)

आज आपल्याला चालायचं आहे, खुर्चीत बसून. वाई तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असणार, म्हणजे महाबळेश्वरला जाताना पाहिलेली असणार. गाडी थांबते, गणपतीचं दर्शन होतं, वडापाव आणि चहा होतो, आणि पसरणीचा घाट सुरू होतो. चाळीस मिनिटांत वाई आटोपते. त्यात वाईट काही नाही, पण ते गाव बघणं नव्हे. मला आज सकाळी सातच्या सुमारास घाटावर उभं राहून सुरुवात करायची आहे आणि दुपारपर्यंत मेणवलीला पोचायचं आहे. अंतर फार नाही. वाईपासून मेणवली तीन-एक किलोमीटर. सावकाश चाललं तरी होतं.

एक विनंती आहे. देवळाकडे बघायच्या आधी नदीकडे बघा. कृष्णा उगम पावते क्षेत्र महाबळेश्वरला, तिथून वाई रस्त्याने जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. तिकडे डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाई मात्र डोंगराच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. इथला पाऊस त्या मानाने किरकोळ. आता याचा अर्थ लक्षात घ्या. वाईत ऊन पडलेलं असू शकतं आणि नदी चढत असते. जो पाऊस गावानं पाहिलेला नाही, त्याचं पाणी गावात येतं. पूर दुसरीकडे तयार होतो आणि इथे पोचतो. अशा नदीच्या काठावर तुम्हाला दगडी देऊळ बांधायचं असेल, तर तुम्ही ते कुठे बांधाल? शहाणा माणूस म्हणेल, वर, उंचावर. वाईकरांनी ते नदीत बांधलं. जवळजवळ पात्रातच.

हा ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं हे देऊळ. आत मूर्ती प्रचंड, एकाच दगडातली, म्हणून लोकांनी प्रेमानं ‘ढोल्या’ म्हटलं. खरं नाव महागणपती. पण तुम्ही आत जायची घाई करू नका, देवळाला वळसा घालून मागे या. मागची भिंत बघा. सरळ नाही ती. दोन्ही बाजूंनी वळत येऊन मध्ये टोकदार झाली आहे, माशाच्या तोंडासारखी किंवा नावेच्या नाळेसारखी. आणि ते टोक वळवलेलं आहे प्रवाहाच्या तोंडावर, जिकडून पाणी येतं तिकडे. सपाट भिंत असती तर पुराचा सगळा लोट तिच्या अंगावर आदळला असता. इथे पाणी टोकावर येतं, दुभंगतं आणि दोन्ही कडांनी निघून जातं. पुलाच्या खांबांना आजही पाण्याच्या बाजूला असंच निमुळतं नाक काढतात. तत्त्व तेच. फक्त इथे पुलाच्या खांबाऐवजी गाभारा आहे, आत देव आहे, आणि वर उंच कळस आहे.

मला या भिंतीचं फार अप्रूप वाटतं, आणि त्याचं कारण सांगतो. या भिंतीत पुराशी भांडण नाही. ज्यानं आराखडा केला, त्या गवंड्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, पैसे देणाऱ्याचं आलं आहे. हे आपल्याकडे नेहमीचंच. पण त्या गवंड्यानं मनाशी धरलं होतं की पाणी येणार. दरवर्षी नाही, पण येणार. ते अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची. मोठ्या पुरात आजही देवळात पाणी शिरतं. पायऱ्या बुडतात, सभामंडप बुडतो. मग पाणी ओसरतं, लोक गाळ काढतात, धुतात, आणि पूजा सुरू होते. पाणी आत आलं की इमारत संपली, असा हिशेबच त्यात नाही.

आता तारखेकडे या. १७६२. ही तारीख मला नेहमी टोचते. आदल्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालेलं आहे. आणि रास्त्यांच्या घराला पानिपताची झळ थेट लागलेली आहे. नानासाहेब पेशव्यांची बायको गोपिकाबाई, या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी. मूळ आडनाव गोखले, रास्ते नंतरचं. विश्वासराव, माधवराव, नारायणराव हे तिचे मुलगे. थोरला पानिपतावर पडला. त्याच वर्षी जूनमध्ये नवरा गेला. आणि पुढच्याच वर्षी माहेरच्या गावात हे भलंमोठं देऊळ उभं राहतं. दोन्हींमध्ये कार्यकारण आहे असं मी म्हणणार नाही, एवढं काम काही चार महिन्यांत ठरून उभं राहत नाही. पण पानिपतानंतर मराठी राज्य कोसळलं, सगळं थांबलं, असं चित्र आपल्या डोक्यात असतं ना, ते या घाटावर उभं राहून जरा तपासून बघा. गवंडी कामावर होते. दगड येत होता. चुना मळला जात होता.

इथून चार पावलांवर काशीविश्वेश्वर. हे पाच वर्षं आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. ‘भिकाजी’ हे नाव दोघांच्या मागे आहे, त्यावरून घर कळतंच. पुण्यातली रास्ता पेठ याच घराण्याच्या नावाची. काशीविश्वेश्वराला तटबंदीचं आवार आहे, दीपमाळा आहेत. आणि नंदी. नंदीपाशी दोन मिनिटं थांबा. काळा पाषाण असा घोटला आहे की हात फिरवावासा वाटतो. गळ्यातल्या माळा, झूल, सगळं दगडात. आपला सह्याद्रीचा दगड कोरीवकामाला मोठा हट्टी. त्यात असं बारीक काम करणारा पाथरवट कोण होता, तेही आपल्याला माहीत नाही.

‘दक्षिण काशी’ असं वाईला म्हणतात. महाराष्ट्रात दक्षिण काश्या पुष्कळ आहेत, पैठणही आहे, कोल्हापूरही आहे, त्यामुळे त्या शब्दावर फार जाऊ नका. पण इथे तो शब्द बांधकामात उतरला आहे. नदी, लांबलचक घाट, त्यावर विश्वेश्वर. काशीला सहजी जाता येत नव्हतं अशा काळात काशी इथे आणायची, असा तो बेत. आणि गंमत अशी की अडीचशे वर्षांनी हिंदी सिनेमावाल्यांनी तो बेत खरा मानला. ‘गंगाजल’मधलं बिहार म्हणजे बरंचसं वाई आहे. ‘दबंग’चं चित्रीकरणही इथे झालं. रास्त्यांनी काशीसारखा घाट बांधला आणि कॅमेऱ्याला तो उत्तरेचा वाटला!

आता घाटाघाटानं चालू या. वाईचा घाट म्हणजे एकच एक घाट नव्हे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या, आणि आळीचा आपापला घाट. गावाचा नकाशा नदीवरून पडलेला आहे. आळी नदीकडे उतरते आणि पायऱ्यांवर संपते. पत्ता विचारला की जुना माणूस आधी आळी सांगतो.

या आळ्या सगळ्यात चांगल्या दिसतात कृष्णाबाईच्या उत्सवात. थंडीच्या अखेरीला सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत तो आळीआळीनं फिरतो. एका आळीचा झाला की पुढच्या आळीचा. नदी ही इथे देवी आहे, आणि माहेरवाशिणीसारखी ती ज्या त्या आळीत काही दिवस मुक्कामाला येते. उत्सवाच्या उगमाची परंपरा सांगतात ती अफझलखानाशी जोडलेली आहे. खान १६४९ पासून वाईचा सुभेदार होता, हे आपण विसरतो. १६५९ मध्ये विजापूरहून निघून तो वाईला येऊन तळ देऊन बसला. अनोळखी मुलखात नव्हे, आपल्या जुन्या सुभ्यात. इथली वाट न् वाट त्याला माहीत होती, आणि म्हणूनच महाराज त्याला वाईच्या मोकळ्या खोऱ्यात भेटले नाहीत, जावळीच्या रानात प्रतापगडाखाली बोलावलं. १० नोव्हेंबरला काय झालं ते सांगायला नको. तर परंपरा अशी की शेंडे शास्त्री नावाच्या ब्राह्मणानं त्या संकटात कृष्णेला नवस केला, महाराजांना यश आलं, आणि नवस फेडायला उत्सव सुरू झाला. कागदावर हे किती टिकतं तो प्रश्न वेगळा. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: गावाला जेव्हा भीती वाटली तेव्हा ते नदीकडे गेलं, असं गाव स्वतःबद्दल सांगतं.

घाटांबद्दल आणखी एक बोललं पाहिजे, नाहीतर हा फेरफटका नुसता गोड गोड होईल. घाट सुंदर आहेत, पण घाट सगळ्यांचे नव्हते. ‘ब्राह्मणशाही’ हे आळीचं नावच काय ते सांगतं. नदीकाठच्या जुन्या गावात कोण कुठल्या पायऱ्यांवर उतरणार, कोण वरच्या अंगाला पाणी भरणार आणि कोण खालच्या अंगाला, याचे नियम होते. ते कुठे लिहिलेले नसत आणि सगळ्यांना पाठ असत. हेरिटेज वॉक म्हणून आपण हिंडतो तेव्हा दगड दिसतो, नियम दिसत नाहीत. आता गंगापुरीत ज्या घराकडे मी तुम्हाला नेतो आहे, तिथे या नियमांवरच वाद झाला, आणि तो संस्कृतातून झाला.

हे घर म्हणजे प्राज्ञपाठशाळा. बाहेरून तुम्ही दहादा पुढे निघून जाल, असं साधं. १८१८ ला पेशवाई गेली. रास्ते, फडणवीस यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गावाचा आधारच गेला. इथे मोठी बाजारपेठ नव्हती, बंदर नव्हतं, छावणी नव्हती. अशी गावं नंतर नुसती झोपतात. वाई तशी झोपली नाही, कारण तिच्याकडे विद्या शिल्लक होती. नारायणशास्त्री मराठे, पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, त्यांनी ही पाठशाळा उभी केली. पारंपरिक शास्त्रं शिकवायची, पण विचारायची मुभा ठेवून. १९१७ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे येऊन राहिले, नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य शिकले.

आणि इथेच धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून आलेला एक मुलगा वाढला, लक्ष्मणशास्त्री जोशी. तर्कतीर्थ. १९३२-३३ च्या सुमारास अस्पृश्यतेचा प्रश्न पेटला होता. गांधीजी येरवड्याला तुरुंगात होते. सनातनी मंडळी म्हणत होती, शास्त्रात याला आधार नाही. तेव्हा शास्त्रात आधार आहे असं शास्त्रानंच दाखवून देणारा माणूस लागत होता, आणि तो या घरातून गेला. पुढे १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न पुण्यात झालं. पौरोहित्य कोणी केलं? तर्कतीर्थांनी. वाईच्या घाटावर ज्या व्यवस्थेच्या पायऱ्या आहेत, तिला तिच्याच भाषेत उत्तर देणारा माणूस वाईतच तयार झाला. गोष्ट तिथे संपत नाही. हेच तर्कतीर्थ पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले. वेदान्त शिकलेला पंडित रॉयवादी झाला, आणि गावानं त्याला गावातून काढलं नाही. माझ्या दृष्टीनं वाईतलं सगळ्यात मोठं स्मारक हे आहे, आणि त्याचा फोटो काढता येत नाही.

तिथून जवळच विश्वकोशाचं कार्यालय. महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला आणि मराठीत ज्ञानकोश करायचा सरकारनं ठरवलं. मुंबई होती, पुणं होतं. काम वाईत का? एका वाक्यात उत्तर: तर्कतीर्थ वाईत होते. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. अणू, अर्थशास्त्र, आफ्रिका, सगळं ज्ञान मराठीत आणायचं आणि त्याची मुद्रितं या नदीकाठच्या गावात तपासायची. परिभाषेवरून वाद घालणारे पदार्थविज्ञानाचे आणि न्यायशास्त्राचे अभ्यासक संध्याकाळी याच घाटावर फिरायला येत असणार. तुमच्या फोनवर आज विश्वकोशाची नोंद उघडते ना, ती मुळात या आळीतून निघालेली असते.

मेणवलीकडे निघण्यापूर्वी पूल. इथे कृष्णेवर ब्रिटिश काळातला दगडी पूल होता. काही वर्षांपूर्वी तो पाडला, नवा बांधला. वाहतूक वाढली होती, जुन्या पुलाचं वय झालं होतं, आणि पाडण्याला कारणं होती. त्यावर मी गळा काढणार नाही. पण एक तक्रार नोंदवतो. जुना पूल जाताना त्याची नीट मोजमापं, रेखाटनं, बांधणीच्या पद्धतीची नोंद लोकांना सहज बघता येईल अशी कुठेतरी मांडायला हवी होती. देऊळ पाडताना गाव उभं राहतं, पूल पाडताना कुणी उभं राहत नाही. वास्तविक पुराशी रोजचा सामना पुलाचाच.

मेणवली. नाना फडणवीसांचं गाव. १७६८ च्या सुमाराला हे गाव त्यांना इनाम मिळालं. तरुण नाना भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेले होते, तिथून जीव वाचवून आले. आई मात्र त्या धामधुमीत हरवली ती हरवलीच. म्हणजे वाईत पानिपतावरून परत न आलेल्या मुलाचं आजोळ आहे आणि मेणवलीत परत आलेल्याचा वाडा. वाडा सहा चौकांचा, भिंतीवर दशावताराची वगैरे चित्रं. तुम्ही दगडी वाड्याची कल्पना करून आलात तर जरा चकाल, कारण यातला खरा जीव लाकडात आहे. सागवानी खांब, तुळया, आणि जाड भिंती. मागच्या दारानं उतरलं की अर्धचंद्राकृती घाट आणि मेणेश्वर, विष्णू यांची देवळं. ‘स्वदेस’मधलं चरणपूर ते हेच.

आणि घंटा. छोट्याशा मंडपात टांगलेली ही भलीमोठी घंटा नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर एक आहे. ही मेणवलीला. कुणीही ते चित्र घासून काढलं नाही. आदर म्हणून, की तेवढी कुणाला फिकीर नव्हती म्हणून, ते तुम्ही ठरवा.

इथे आपला फेरफटका थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: वर धोम धरण झाल्यावर पुराचा धोका संपला, असं म्हणता येईल का?

उत्तर: कमी झाला, संपला नाही. धोम धरण १९७० च्या दशकातलं. बहुतेक वर्षी ते येणारं पाणी पोटात घेतं, म्हणून पाच-दहा वर्षं घाटाची वरची पायरी कोरडी राहते. आणि खरा धोका तिथून सुरू होतो. पाणी येत नाही म्हटल्यावर माणूस पुराच्या रेषेच्या आत सरकतो. भिंत येते, मग पत्रा येतो, मग मजला चढतो. धरण भरलेलं असताना डोंगरावर मोठा पाऊस झाला की दारं उघडावीच लागतात, आणि मग पाणी आपली जुनी जागा शोधत येतं. १७६२ च्या गवंड्याच्या वर धरण नव्हतं, त्यामुळे त्याला विसरण्याची चैन नव्हती. आपल्याला आहे.

प्रश्न: मुलांना घेऊन जायचं आहे. एकच गोष्ट दाखवायची तर कुठली?

उत्तर: गणपतीची मागची भिंत. पावसाळा संपता संपता जा, म्हणजे नदीला पाणी असतं आणि पायऱ्यांवर गाळाच्या खुणाही असतात. मुलांना आधी काही सांगू नका. भिंत अशी टोकदार का, एवढंच विचारा आणि गप्प बसा. कागदाच्या होड्या बरोबर न्या. होडी भिंतीजवळ सोडली की उत्तर त्यांचं त्यांना दिसतं. फक्त घाटावर शेवाळ असतं, तेव्हा खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर पोरांना उतरू देऊ नका.